तीन कडांचं टोक

तिच्या सवयी आधी लिहितो. तेवढ्याच मला नक्की माहीत आहेत.

कात्री हातात आली की ती आधी तिचा स्क्रू काढायची आणि तोंडात ठेवायची. उजव्या गालात. काम होईपर्यंत कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकतर ‘हं’ नाहीतर ‘हूं’. ‘हं’ म्हणजे हो. ‘हूं’ म्हणजे गप्प बस.

धार पाहायची ती डाव्या अंगठ्याच्या नखावर. त्या नखावर बारीक चरे पडले होते.

चाकू कधी कुणाच्या हातात द्यायची नाही. फळीवर ठेवायची, मूठ गिऱ्हाइकाकडे, आणि म्हणायची, "उचल."

चहा पूर्ण गार झाल्यावरच प्यायची. जीभ भाजली तर स्क्रू झोंबतो, म्हणायची.

पाठीमागे कुणी उभं राहिलेलं तिला चालायचं नाही. "समोर ये. उजेड अडला तरी चालेल."

रस्त्यावरून बर्फाची हातगाडी गेली की तिचा पाय पायडलवर थांबायचा. चाक मंद होत जायचं. गाडी कोपऱ्यावर वळली की पाय पुन्हा सुरू. ही सवय मला फार उशिरा दिसली.

बाजाराच्या गल्लीत, नळाच्या पुढे, दोन दुकानांच्या मधल्या बोळात तिचं धार लावायचं चाक होतं. वर पत्रा, खाली फरशी, मधे चाक, दगडावर थेंबथेंब पाणी सोडणारा डबा आणि एक फळी. गल्ली तिला ठिणगी म्हणायची. मी सुरुवातीला मावशी म्हणत होतो.

"मावशी नको म्हणू. गुडघे दुखायला लागतात," ती म्हणाली.

"मग काय म्हणू?"

"ठिणगी म्हण. सगळे पाठीमागे म्हणतात, तू तोंडावर म्हण. तेवढाच फरक."

मला ती कवी म्हणायची. मी साहित्यात एम.ए. केलं आहे, कविता एकही लिहिलेली नाही. तिला ते पटायचं नाही. "नोकरी नाही, दाढी आहे, म्हणजे कवीच," असा तिचा हिशेब.

आमची ओळख वाचनालयात झाली. ग्रंथपालबाईंनी ठरवलं होतं की गल्लीतल्या लोकांनी आपापल्या आठवणी लिहायच्या, त्यांचं एक पुस्तक काढायचं. दर रविवारी सकाळी वरच्या खोलीत सगळ्यांनी जमायचं. लिहायला मदत करायला मी. टेलरकाका यायचे, दोन निवृत्त शिक्षिका यायच्या, आणि आपल्या गोष्टीपेक्षा दुसऱ्याची गोष्ट ऐकायला आवडणारे तीनचार जण. ठिणगी पहिल्या दिवशी आली ती वाचनालयाची पुठ्ठा कापायची सुरी परत द्यायला. बसली, ऐकलं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आली.

तिने लिहिलेला पहिला मजकूर असा होता:

"बापाने मला चाकावर बसवलं. दगड ओला होता. ठिणगी उडाली नाही की बाप मानेवर मारायचा. ठिणगी उडाली की दगड सुकला म्हणून मारायचा. माझी दोन नखं त्या दगडाने नेली. बापाने ती शोधली नाहीत, मी शोधली."

मग एक शिक्षिका म्हणाल्या, "थोडं फुलवायला हवं."

"काय फुलवायचं?" ठिणगीने विचारलं. "नख?"

हसू आलं तरी कुणी हसलं नाही. मी तो मजकूर एका शब्दानेही बदलला नाही.

त्या बापाकडूनच तिला काम मिळालं होतं, आणि कामातली एक खूण. बर्फ फोडायचा टोचा सगळीकडे गोल टोकाचा असतो. लाकडी मूठ, वीतभर पोलादी सळई, पुढे निमुळतं गोल टोक. तिचा बाप ते टोक तीन कडांचं काढायचा. गोल टोक बर्फावर घसरतं, तीन कडांचं आत शिरतं. त्याच्या बापानेही तसंच काढलं होतं. या शहरात दुसरं कुणी तसं करत नव्हतं. करायला गेलं तर टोक तुटतं, कारण दगडावर सळई किती दाबायची ते हाताला माहीत असावं लागतं. हे सगळं तिने मला शिकवायला नव्हे, बापाला शिव्या देता देता सांगितलं. "मेल्याने मार दिला आणि हे दिलं. एक घेतलं की दुसरं घ्यावंच लागतं, असं आहे का रे तुमच्या पुस्तकात?"

आमच्या पुस्तकात वारसा या शब्दावर बरंच काही आहे. मी सांगितलं नाही.

नवऱ्याबद्दल तिने फक्त एकदा सांगितलं. तो पट्ट्याने मारायचा. पट्ट्याचं बक्कल तिच्या भुवईवर लागलं होतं, ती खूण होती. एका दुपारी त्याने पट्टा काढला तेव्हा ती चाकावर होती. तिने हातातली सुरी पुसली, फळीवर ठेवली, मूठ त्याच्याकडे केली.

"उचल," ती म्हणाली.

त्याने सुरीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. 

"पट्ट्याने काय होतंय? पोराटोरांचा खेळ. हिने कर. धार मीच लावलीय, अडकणार नाही," ती म्हणाली.

तो चप्पल घालून बाहेर गेला. नंतर अधूनमधून यायचा, जेवायचा, जायचा. हात पुन्हा उचलला नाही. मग एक दिवस यायचा बंद झाला.

"घाबरली नव्हतीस?" मी विचारलं.

"घाबरले होते ना. म्हणून तर मूठ त्याच्याकडे केली. पातं त्याच्याकडे केलं असतं तर मला आयुष्यभर धरून बसावं लागलं असतं."

एका रविवारी टेलरकाकांनी वाचलं. त्यांचं लेखन गल्लीतल्या नळाबद्दल होतं. पाण्याची रांग, भांडणं, बादल्यांचे आवाज. छान होतं. मग एक परिच्छेद आला. या नळावर एकदा एक हमाल मारला गेला. तरुण होता, हसतमुख होता. कुणीतरी त्याला भोसकलं. गल्ली हळहळली.

ठिणगी उठली.

"काका, कुणीतरी म्हणजे कोण?"

टेलरकाकांनी चष्मा काढला. "अगं, आता इतक्या वर्षांनी..."

"तुम्ही रांगेत होतात ना? तुमची निळी बादली होती. तुम्हीच लिहिलंय वर. बादलीचा रंग आठवतो आणि माणूस आठवत नाही?"

"ठिणगे, बस ना."

"हसतमुख होता, हे कसं आठवतं? तो तुमच्याकडे बघून हसला होता का मरताना?"

ग्रंथपालबाईंनी चहा आला असं सांगितलं. चहा आला नव्हता.

तो हमाल तिचा धाकटा भाऊ होता, हे मला त्या दिवशी कळलं. बाकीच्या खोलीला माहीत होतं.

मी संध्याकाळी तिच्याकडे गेलो. ती कोयत्याला धार लावत होती. ठिणग्यांची शेपटी फरशीवर पडत होती. ती माझ्याकडे न बघता बोलली. मी जसं ऐकलं तसं लिहितो.

भाऊ बर्फवाल्याच्या गोदामात काम करायचा. बर्फाच्या लाद्या पाठीवरून वाहायच्या. पाठ कायम ओली, कायम लाल. नळावर बर्फवाल्याची पिंपं आधी भरायची आणि मग बाकीच्यांच्या बादल्या, असा गल्लीचा रिवाज पडला होता. त्या दिवशी भावाने पिंप बाजूला सरकवलं आणि एका म्हातारीची बादली लावली. बर्फवाल्याने सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. भावाने उलटी मारली. मालकाला. सगळ्यांसमोर. कुणीतरी हसलं.

"तिथे मात्र ‘कुणीतरी’ चालेल," ती म्हणाली. "कोण हसलं ते मला खरंच माहीत नाही. त्या हसण्याने तो मेला."

बर्फवाल्याने कमरेचा टोचा काढला.

ती कोपऱ्याच्या अलीकडे चाकावर होती. बादल्या पडल्याचा आवाज आला. पोचली तेव्हा भाऊ नळाखाली बसला होता, बसल्यासारखा. नळ चालूच होता. पाणी लाल होऊन गटारात जात होतं आणि रांगेतले लोक पाय उचलून मागे सरकत होते, चपला भिजू नयेत म्हणून.

पोलिसांनी विचारलं तेव्हा सगळे म्हणाले, पाहिलं नाही. 

रुग्णालयातून भाऊ घरी आणला तेव्हा तिने त्याला ओल्या फडक्याने पुसलं. बरगडीखाली भोक होतं. लहान, शर्टाच्या बटणाएवढं. तिने रक्त पुसलं तसा त्याचा आकार दिसला.

"तीन कोपरे," ती म्हणाली. "स्वच्छ. कुठे फाटलं नव्हतं. चांगली धार असली की फाटत नाही. मी तो टोचा त्याच सकाळी करून दिला होता."

चाक थांबलं होतं.

"पोलिसांना सांगितलं नाहीस?"

"लेक पहिलीत होती. शाळेचा रस्ता गोदामासमोरून." तिने कोयता नखावर पाहिला. "बर्फवाला तिला रोज बर्फाचा तुकडा द्यायचा. फुकट. ती घरी येऊन मला दाखवायची, बघ आई, वितळत नाहीये अजून."

"आणि तो टोचा?"

"येत राहिला धारेला. मी करत राहिले."

"कशी केलीस?"

"नाही म्हटलं असतं तर त्याला कळलं नसतं का, मला कळलंय ते? करत राहिले. पण तीन कडा काढल्या नाहीत. त्या दिवसानंतर गोल. सगळ्यांसारखं. त्याला काय कळतंय, म्हटलं. टोक ते टोक."

वीसेक वर्षं तिने तो टोचा गोल काढला. लेक मोठी झाली, शिकली, लग्न करून दूरच्या शहरात गेली. तिथून ती बर्फवाल्याच्या हाताला लागणार नव्हती. आणि मग वाचनालयाचं पुस्तक आलं.

"पुस्तकात माझा भाऊ ‘कुणीतरी’ने मारलेला जाणार असेल, तर मी ते दुकान पेटवीन," ती म्हणाली.

"वाचनालय आहे ते."

"तेच."

तिचं ठरलं. महिनाअखेरीच्या रविवारी खालच्या सभागृहात सगळ्यांनी आपापलं वाचायचं होतं. गल्लीला आमंत्रण होतं. ती तिथे सांगणार होती, कोण ते. मी म्हणालो, आधी पोलिसांकडे जाऊ. ती म्हणाली, आधी गल्ली. गल्ली गप्प बसली होती, पोलीस नव्हे.

बातमी पसरली. टेलरकाकांच्या दुकानातून बातमी शर्टाआधी तयार होऊन बाहेर पडते.

त्या आठवड्यात मी आईची कात्री घेऊन गेलो होतो. आई घरी शिवणकाम करते. तिची कात्री मोठी, काळ्या मुठीची, तिच्या आईची. कापड चावायला लागली होती. मी ती फळीवर ठेवली आणि बर्फवाला आला.

म्हातारा झालेला, पण खांदे अजून रुंद. स्वच्छ सदरा. त्याने टोचा फळीवर ठेवला आणि स्टुलावर बसला. मी उभा होतो त्याची त्याने दखल घेतली नाही.

"काय गं ठिणगे. ऐकलं, शाळेत जातेस."

"वाचनालयात, शेठ. शाळेत तुम्ही जायला हवं होतं."

तो हसला. खरंच हसला. "जीभ तशीच आहे. भावाचीही तशीच होती."

तिने दगडावर पाणी सोडलं.

"एक विचारतो. तू आधी टोक तीन कडांचं काढायचीस. मग गोल काढायला लागलीस."

"दगड बदलला."

"दगड तुझ्या बापाचाच आहे. मला शिकवू नको." त्याने डावा तळहात उघडून तिच्यासमोर धरला. मधोमध पांढरा वण होता. "तुझा भाऊ गेला त्यानंतर पहिल्यांदा टोचा धारेला दिला. घरी नेला, लादीवर मारला. घसरला. सरळ हातात. रक्त थांबेना. मी बर्फ फोडून पोट भरतो, ठिणगे. टोक शिरतं की घसरतं हे मला डोळे मिटून कळतं. त्याच दिवशी मला कळलं, की तुला कळलंय."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं ती जे ज्याच्यापासून लपवत होती, ते तिने स्वतःच्या हाताने त्याच्याच हातात ठेवलं होतं. दर वेळी. मूठ त्याच्याकडे करून.

"मी म्हटलं, गोल तर गोल," तो म्हणाला. "गप्प आहे तोवर चालेल. आता म्हणे तू बोलणार आहेस."

"हो."

"मग आता गोल नको." त्याने टोचा तिच्याकडे सरकवला. "आधीसारखं काढ. तीन कडा."

"शेठ, हे बरं नाही," मी म्हणालो. माझा आवाज बारीक आला.

"कोण हा?"

"कवी आहे," ठिणगी म्हणाली. "त्याच्याकडे लक्ष देऊ नका."

तिने टोचा उचलला. पायडलवर पाय ठेवला. मला वाटलं ती तो चाकावर मोडेल, त्याच्या अंगावर फेकेल. तिने तसं काही केलं नाही. तिने टोक काढलं. सावकाश. एक कड, पाणी, दुसरी कड, पाणी, तिसरी. दर कडेनंतर नखावर पाहत होती. बर्फवाला पुढे वाकून बघत होता, चांगलं काम बघतात तसं. शेवटी तिने सळई फडक्याने पुसली आणि टोचा फळीवर ठेवला.

"उचल," ती म्हणाली. शेठ म्हणाली नाही.

त्याने उचलला आणि गेला.

मी तिच्यावर ओरडलो. वेडी आहेस का, असं काहीतरी. ती पाण्याचा डबा भरत होती.

"ओरडू नको. चुकला तो," ती म्हणाली. "गोल टोकाने कुणालाही भोसकलं असतं तर कुणाचाही टोचा असता. गल्लीत दहा जणांकडे आहे. आता तीन कडांचा एकच आहे. त्याने कुणाला टोचलं तरी सही माझी."

"कुणाला म्हणजे तुला."

"हं," ती म्हणाली. तोंडात स्क्रू नसताना.

रविवारी सभागृह भरलं. खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडकीत बसले. बर्फवाला दाराशी उभा होता, हाताची घडी घालून. ठिणगीने धुतलेली साडी नेसली होती आणि नेहमीसारखी हाताची बोटं काळी होती. तिने कागद आणला नव्हता.

"माझा भाऊ या गल्लीच्या नळावर मेला," ती म्हणाली. "त्याला बर्फवाल्याने मारलं. टोच्याने. टोच्याला धार मी लावली होती. भोक तीन कोपऱ्यांचं होतं, म्हणून मला कळलं. मी गप्प बसले. तुम्ही पण गप्प बसलात. तुम्ही पाहिलं होतं, मी नव्हतं पाहिलं. एवढंच आहे. फुलवायला काही नाही."

ती बसली.

कुणी टाळी वाजवली नाही. टेलरकाका स्वतःच्या बुटांकडे बघत होते. बर्फवाला मोठ्याने म्हणाला, "म्हातारीला चढलंय डोक्यात," आणि निघून गेला. तो गेल्यावर लोक खोकायला लागले.

त्या दुपारी मी पोलीस चौकीत गेलो. साहेबांनी नीट ऐकलं. प्रकरण जुनं आहे, पण बाईंना घेऊन या, जबाब घेतो, म्हणाले. मी ठिणगीला सांगितलं. उद्याच जाऊ, ती म्हणाली.

"आज आमच्याकडे राहा," मी म्हणालो.

"तुझी आई मला भांडी घासायला लावील."

"नाही लावणार."

"मग मी काय करू तिथे? दोन माणसं माझ्याकडे बघत बसणार. नको." मग म्हणाली, "सकाळी आईची कात्री करते. तू ये. कात्री घे, मला घे, आणि जाऊ चौकीत. येताना रिकाम्या हाताने नको. काहीतरी खायला आण."

मी सकाळी केळी घेऊन गेलो. बाजार सुरू झालेला होता. उजेड स्वच्छ होता. कोपऱ्यावर बर्फाची हातगाडी उभी होती, गोणपाटाखालून पाणी ठिबकत होतं. गाडीजवळ माणूस नव्हता.

तो समोरून आला. बोळातून. घाईत नव्हता. सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. माझ्याजवळून गेला तेव्हा त्याचा खांदा मला लागला आणि तो म्हणाला, "बघून चाल."

ती चाकावर ओणवी होती. चाक अजून फिरत होतं. पाय पायडलवर होता, पायडल खालीवर होत होतं आणि पाय त्याच्याबरोबर खालीवर जात होता. तो पाय चाकाला फिरवत नव्हता. चाक पायाला फिरवत होतं. दगडाला तिचा पदर घासला जात होता. दगडावरून गळणारं पाणी गुलाबी झालं होतं.

तो पाठीमागून आला होता. तिला ते चालायचं नाही.

मी तिला धरून खाली घेतलं. पाठीवर भोकं होती, एक मानेखाली. किती, ते पंचनाम्यात आहे. मी एकावर तळहात दाबला, तर दुसऱ्यातून आलं. दोन्ही हात दाबले. रक्त गरम असतं हे मला माहीत होतं. इतकं गरम असतं हे नव्हतं. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते माहीत नाही. बोळाच्या तोंडाशी लोक जमले होते आणि आत येत नव्हते.

तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.

"हूं," ती म्हणाली.

मी गप्प बसलो. 

चाक थांबायला बराच वेळ लागला. ते थांबलं तेव्हा ती गेली होती.

हवालदार आले. त्यांनी विचारलं, कुणी पाहिलं. बोळाच्या तोंडाशी दूधवाला होता, भाजीवाली होती, टेलरकाका होते. त्यांचं दुकान बोळाच्या बरोबर समोर आहे. त्यांच्या गळ्यात टेप होती.

"कुणीतरी..." टेलरकाका म्हणाले.

हवालदारांनी वर पाहिलं.

टेलरकाकांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग बोळात. "बर्फवाल्याने," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत. आणि नळावरच्या पोरालाही त्यानेच. तेही मी पाहिलंय. लिहा. निळी बादली माझी होती, तेही लिहा." आणि ते रस्त्यावरच बसले.

मग भाजीवाली बोलली. मग दूधवाला. 

टोचा त्याने गोदामातल्या लादीत खोल खुपसून ठेवला होता. पोलिसांनी लादी उन्हात काढून ठेवली. बर्फ वितळला तसा टोचा फरशीवर पडला. तीन कडांचा. मी रुग्णालयातल्या डॉक्टरांना सांगितलं, आकार बघा. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मग ते बाहेर आले आणि म्हणाले, "हो. तीन कोपरे. तुम्हाला कसं माहीत?" मी सांगितलं, ती सही आहे.

मग त्यांनीच विचारलं, "यांच्या तोंडात स्क्रू होता. उजव्या गालात. काही कल्पना आहे का?"

लोक म्हणतात, ती ओरडली कशी नाही. टेलरकाकाही म्हणाले, आवाज आला असता तर मी धावलो असतो. ते खरं असेल. तिने तोंड उघडलं असतं तर स्क्रू पडला असता. बोळाच्या फरशीला भेगा आहेत. पडलेला स्क्रू तिथे सापडत नाही.

तिची लेक आली. आईसारखीच दिसते, भुवई सोडून. चाक मी घेऊ का, तिने विचारलं. मी म्हणालो, तुझंच आहे. तिने दगडावर हात फिरवला आणि हात मागे घेतला. ती पुन्हा येईन म्हणून गेली. चाक पत्र्याखाली आहे.

आईची कात्री मला परत मिळाली. ती फळीवर होती, दोन भागांत, फडक्यावर. पोलिसांना तिचा उपयोग नव्हता. स्क्रू मात्र पाकिटात सीलबंद आहे. खटला संपेपर्यंत तो मिळणार नाही.

आईने दोन्ही पाती खिडकीत ठेवली आहेत. दुसऱ्या धारवाल्याकडे ती नेत नाही आणि नवी कात्रीही आणू देत नाही. एक पातं झालेलं आहे. मी ते माझ्या नखावर पाहिलं, बारीक चरा पडला. दुसरं तसंच आहे, बोथट. त्याच्या टोकाकडे बोटभर भाग चमकतो. तिथपर्यंत ती आली होती.